अचलपूरचा डास आणि शून्याची घाई

अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर म्हणजे इंग्रजांच्या कागदपत्रांतलं एलिचपूर. तिथं नेमणुकीवर असलेला ग्लेन लिस्टन नावाचा लष्करी डॉक्टर वर्षभर डासांच्या मागं हिंडला आणि १९०१ साली त्यानं आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. लिस्टननं त्या वर्षी अ‍ॅनोफिलीसच्या एका नव्या प्रजातीचं वर्णन केलं. जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स या मलेरियातज्ज्ञाच्या नावावरून तिला नाव दिलं अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी. कीटकशास्त्राच्या दप्तरात या डासाचं मूळ ठिकाण म्हणून एलिचपूरच नोंदलेलं आहे. लिस्टन पुढं मुंबईला गेला, प्लेगच्या कामात उंदरांवरच्या पिसवांमागं लागला आणि त्यासाठीच जास्त ओळखला गेला. अचलपुरात मात्र त्याची आठवण कुणी काढत असेल असं वाटत नाही.

आठवण निघाली ती एकशे अकरा वर्षांनी, आफ्रिकेत. २०१२ साली लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या जिबूती या चिमुकल्या बंदर-देशात हाच डास सापडला. त्या वर्षी जिबूतीत मलेरियाचे रुग्ण होते २७. देश मलेरियामुक्तीच्या उंबऱ्यावर होता. २०२० साली तिथं ७३ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. सगळं खापर एका डासावर फोडता येणार नाही, पण मोठा गुन्हेगार तोच, याबद्दल फारसं दुमत नाही. त्यानंतर तो इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना इथं सापडत गेला. आफ्रिकेतले जुने मलेरियावाहक डास खेड्यातले. पावसाचं साचलेलं उघडं पाणी त्यांना लागतं. हा आपल्याकडचा डास शहरी. त्याला टाकी चालते, पिंप चालतं, बांधकामावरचा हौद चालतो आणि त्यामुळं पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. शहरात राहायला गेलं की मलेरिया मागं पडतो, हा आफ्रिकेचा आजवरचा अनुभव. तो या डासामुळं खोटा ठरू शकतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं आफ्रिकी शहरांतल्या सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांना यापासून धोका असल्याचा अंदाज बांधला.

जिबूतीत तो डास ओळखू आला, कारण कुणीतरी डास पकडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होतं. जिथं कुणी पाहत नव्हतं तिथं तो कधी पोचला हे आता कोण सांगणार?

मलेरियाच्या जागतिक निर्मूलनाची चर्चा आपल्याकडं होते ती लशीची बातमी आली की. संशोधन म्हणजे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि एखाद्या दिवशी जाहीर होणारा रामबाण, असं चित्र आपल्या डोक्यात बसलं आहे. मला वेगळं म्हणायचं आहे. मलेरियाचे रुग्ण जसजसे कमी होतात तसतशी संशोधनाची गरज वाढते. आणि आपण जगभर नेमकं उलटं वागतो. आकडा खाली आला की पैसा, माणसं आणि कुतूहल, तिन्ही काढून घेतो. त्यातही पहिली कात्री लागते ती लिस्टनच्या जातीच्या कामाला. गोठ्यात बॅटरी घेऊन शिरायचं, टाकीवर चढायचं, डास मोजायचे, त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासायचं. या कामाची बातमी होत नाही.

हे एकदा घडून गेलं आहे, आणि लहानसहान प्रमाणात नाही. मे १९५५ मध्ये मेक्सिको सिटीत भरलेल्या जागतिक आरोग्य सभेनं मलेरियाच्या जागतिक निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. हातात डीडीटी होतं. त्यामागचं गणित देखणं होतं. मादी डास रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर डीडीटी असेल तर मरते. तीन-चार वर्षं डासांकरवी होणारा प्रसार थांबवला, की माणसांच्या शरीरातला परजीवीही हळूहळू संपतो. मग डास परत आले तरी त्यांच्याजवळ वाहून न्यायला काही उरत नाही. डास डीडीटीला दाद देईनासे होतील हे तेव्हाच्या तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं असं नाही. ग्रीसमध्ये १९५१ सालीच ते दिसलं होतं. उलट, डास शहाणे होण्याआधी काम उरकून टाकू, हाच घाईमागचा युक्तिवाद होता. शर्यत लावली होती आणि ती जिंकण्याचा एकच मार्ग गृहीत धरला होता.

त्या गृहीतकाच्या पोटात दुसरं गृहीतक होतं: कळायचं तेवढं कळलं आहे, आता फक्त अंमलबजावणी उरली आहे. मग मलेरियावर संशोधन कशाला? तरुण डॉक्टर आणि कीटकशास्त्रज्ञ संपत आलेल्या रोगात आयुष्य का घालतील? प्रशिक्षण आटलं, प्रयोगशाळा दुसऱ्या विषयांकडं वळल्या. सहारा वाळवंटाखालचा बहुतेक आफ्रिका खंड तर या ‘जागतिक’ कार्यक्रमातून वगळलेलाच होता. तिथलं काम फार अवघड म्हणून. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कालबद्ध निर्मूलनाचा नाद सोडला. त्या कार्यक्रमानं मलेरियाचं नाही, मलेरियातज्ज्ञांचं निर्मूलन केलं, असं त्या क्षेत्रात कडवटपणे म्हटलं जातं.

आपल्या देशाची गोष्ट या मोठ्या गोष्टीतला सगळ्यात झगझगीत आणि सगळ्यात वाईट भाग आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. जुन्या मुंबई इलाख्यात कारवार आणि धारवाडकडं डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी डीडीटीची मोहीम चालवली, तिच्या यशातून राष्ट्रीय कार्यक्रमाला धीर आला. १९५३ साली नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचंच नाव ‘निर्मूलन’ झालं. १९६५ साली देशात नोंदले गेलेले रुग्ण होते सुमारे एक लाख, आणि मृत्यू एकही नाही. साडेसात कोटींवरून एक लाख! मृत्यूच्या त्या शून्यावर शंका घ्यायला जागा आहे, पण रोग हटला होता यात शंका नाही. पानथरी वाढून पोटाचा नगारा झालेली पोरं गावोगाव दिसायची, ती दिसेनाशी झाली. कोयनेलची कडू आठवण तेवढी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली.

माझ्या आजोळी दारामागच्या भिंतीवर फवारणीची तारीख गेरूनं लिहिलेली असायची. फवारणीवाले येऊन गेले की पुढच्या सणाला आजी ती भिंत सारवून टाकायची, कारण पांढरे ओघळ तिला बघवत नसत. ताज्या सारवणाखाली डीडीटी गाडलं जायचं आणि डास निवांत बसायचे. हे काही एकट्या आजीचं पाप नाही. देशभर घराघरांत हेच चालू होतं. फवारणीनं सुरुवातीला ढेकूण मरायचे, म्हणून लोक खूश होते. पुढं ढेकूण डीडीटीला पचवू लागले, तेव्हा ‘औषधात दम राहिला नाही’ असं लोकांनी ठरवलं आणि दारं लावून घेतली. बाई भिंत का सारवते आणि ढेकणाचा मलेरियाशी काय संबंध, हेही संशोधनाचेच प्रश्न होते. ते कुणी वेळेवर विचारले नाहीत.

मग १९७६. त्या वर्षी देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. शेजारच्या श्रीलंकेचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. १९६३ साली तिथं अख्ख्या देशात १७ रुग्ण होते. फवारणी थांबली, रक्ततपासणी ढिली पडली, आणि त्याच दशकाच्या शेवटी रुग्ण पाच लाखांच्या वर गेले. भारतात मलेरिया संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था, उभं राहिलं १९७७ साली. तहान लागल्यावर विहीर खणणं ही म्हणसुद्धा इथं सौम्य वाटते, कारण विहीर आधी होती, ती आपणच बुजवली होती.

आज आपण पुन्हा त्याच वळणावर आहोत, म्हणून ही उजळणी. भारताचं जाहीर उद्दिष्ट आहे २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत मलेरियामुक्त व्हायचं. प्रगती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१७ साली भारतात ६४ लाख रुग्ण होते, ते २०२३ साली २० लाखांवर आले. सर्वाधिक ओझं असलेल्या देशांच्या गटातून २०२४ मध्ये भारत बाहेर पडला. ओडिशानं दुर्गम पाड्यांवर जाऊन, ताप असो वा नसो, प्रत्येकाचं रक्त तपासण्याची मोहीम चालवली, तिचा यात मोठा वाटा आहे. ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही परजीवी असतो आणि तोच पुढच्या हंगामाचं बियाणं असतो, हे त्या मोहिमेनं वहीत आकडे मांडून दाखवलं. माझ्या लेखी ते अस्सल संशोधन.

पण आकड्यांकडं जरा निरखून बघा. २०२३ साली सरकारदरबारी नोंद झालेले रुग्ण आहेत सुमारे सव्वादोन लाख. त्याच वर्षाचा जागतिक संघटनेचा अंदाज २० लाख. एकास नऊ! हे लोक कुठं आहेत? खासगी दवाखान्यात, जिथून नोंद येत नाही? मेडिकलच्या दुकानात गोळी घेऊन परत गेलेले? की अंदाज काढणाऱ्या सूत्रातच गफलत आहे? २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासानं घरोघरी विचारपूस करून भारतात वर्षाला सुमारे दोन लाख पाच हजार लोक सत्तरीच्या आत मलेरियानं मरतात असा निष्कर्ष काढला होता. जागतिक संघटनेचा तेव्हाचा अंदाज १५ हजार होता आणि सरकारी नोंदीत मृत्यू हजाराच्या आसपास. मोठा वाद झाला. घरच्यांनी सांगितलेल्या तापाच्या लक्षणांवरून मलेरिया ठरवता येतो का, हा आक्षेप रास्त होता. पण तीन आकड्यांमध्ये इतकी दरी असताना वादात जिंकणाऱ्यालाही फार काही मिळालं असं म्हणवत नाही. आपण किती मोजत नाही, हे मोजायला काय करावं लागेल यावर जितका पैसा आणि मेंदू खर्च व्हायला हवा होता तितका झाला नाही.

शून्याची तारीख ठरली की या दरीवर बोलणं आणखी अवघड होतं. खालून वर जाणाऱ्या प्रत्येक अहवालावर शून्याची सावली पडते. ज्या तालुक्यात रक्तनमुने कमी घेतले तिथं रुग्णही कमी सापडतात, ही गंमत कुठल्याही हिवताप कार्यालयात माहीत असते. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं नेमलेल्या तज्ज्ञगटानं जगासाठी निर्मूलनाचं निश्चित वर्ष जाहीर करायला नकार दिला, आणि ‘लॅन्सेट’च्या आयोगानं त्याच वर्षी २०५० हे साल दिलं. मी पहिल्यांच्या बाजूनं आहे. तारखेमुळं निधी मिळतो, हे मान्य. पण १९५५ साली तारखेनंच शास्त्रज्ञांना घरी पाठवलं होतं.

आता लशीकडं येऊ. तिच्याबद्दल पुण्यात अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मलेरियाची पहिली मान्यताप्राप्त लस आरटीएस,एस. तिचं काम १९८७ च्या सुमारास सुरू झालं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. चौतीस वर्षं. कोविडची लस वर्षभरात आली हे आपण पाहिलं, म्हणून हा काळ जास्तच टोचतो. परजीवी विषाणूपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे हे खरं कारण. पण ज्यांची मुलं मरतात त्यांच्या खिशात पैसे नसतात, हेही तितकंच खरं. दुसरी लस आर२१, ऑक्सफर्ड विद्यापीठानं तयार केलेली, बुर्किना फासोमधल्या नानोरो इथं पारखलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचीही शिफारस झाली. एका डोसची किंमत चार डॉलरच्या आत आणि वर्षाला दहा कोटी डोस बनवण्याची क्षमता. या दोन आकड्यांमुळं लस कागदावरून दंडात आली. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टनं ती द्यायला सुरुवात केली. आता आफ्रिकेतले वीसहून अधिक देश दोन्हींपैकी एक लस मुलांना देतात. आरटीएस,एसच्या पथदर्शी मोहिमेत घाना, केनिया आणि मलावीत लहान मुलांचे एकंदर मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. जगात वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मलेरियानं मरतात, बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. तिथं तेरा टक्के म्हणजे काय ते सांगायला नको.

मात्र ही लस निर्मूलनाची लस नव्हे. ती परजीवीच्या फॅल्सिपेरम या एकाच प्रजातीवर चालते, चार डोस लागतात, संरक्षण काही काळानं ओसरतं आणि डासाकडून माणसाकडं, माणसाकडून डासाकडं हे चक्र ती तोडत नाही. ती मरण टाळते. पुण्यात बनते म्हणून ती गडचिरोलीत का देत नाहीत, असा प्रश्न मला एका सुशिक्षित मित्रानं विचारला होता. उत्तर असं की ही लस मुख्यतः जिथं फॅल्सिपेरमचा प्रसार जोरात आहे आणि लहान मुलं त्यात मरतात, तिथल्यासाठी आहे. आपल्याकडं रुग्ण विखुरलेले आहेत, मोठी माणसंही आजारी पडतात, आणि व्हायवॅक्स या परजीवीच्या दुसऱ्या प्रजातीचा वाटा मोठा आहे.

या व्हायवॅक्सकडं जगाचं दुर्लक्ष झालं आहे, आणि जगातल्या व्हायवॅक्सच्या रुग्णांचा मोठा हिस्सा भारतात आहे. हा परजीवी यकृतात झोपून राहतो. रक्तातला ताप बरा होतो, माणूस कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, एकही डास न चावता, ताप उलटतो. झोपलेल्या परजीवीला मारणारं औषध प्रायमाक्विन, ते चौदा दिवस घ्यायचं. तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला, चौथ्या दिवशी रोजंदारी बुडवून घरी कोण बसणार, आणि आठव्या दिवशी गोळी कोण आठवणीनं घेणार? शिवाय जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटू शकतात. ही कमतरता आपल्या काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. एकाच डोसात काम उरकणारं टॅफेनोक्विन २०१८ साली अमेरिकेत मान्य झालं, पण ते देण्याआधी त्या एन्झाइमची नेमकी पातळी मोजावी लागते. ती मोजणारं स्वस्त, उन्हातान्हात टिकणारं, आशाताईच्या पिशवीत मावणारं यंत्र हवं. मला विचाराल तर भारतातल्या मलेरियाच्या भवितव्याचा निर्णय नव्या लशीपेक्षा त्या यंत्रावर जास्त अवलंबून आहे. त्यासाठी किती जण रात्री जागतात?

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या पाड्यांना ‘पारंपरिक उपाय’ पुरत नाहीत, याचीही कारणं आहेत. जंगलातल्या ओढ्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस वेगळा, शेतकालव्यांजवळचा क्युलिसिफेसीस वेगळा. एकाला माणसाचं रक्त प्यारं, दुसऱ्याला बहुधा गुरांचं. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खं कुटुंब पहाटे जंगलात असतं, मच्छरदाणी घरी. सीमेपलीकडं छत्तीसगडात सोयरीक आणि बाजार, रक्ततपासणी मात्र जिल्ह्याच्या हद्दीत. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी १९७३ पासून मेंदूच्या मलेरियानं बेशुद्ध पडलेली माणसं वाचवली, शोधग्रामला बंग दांपत्यानं मोजण्याची शिस्त रुजवली. ही कामं मोठीच. पण एखाद्या पाड्यात कोणता डास कोणत्या वेळी कुठं चावतो हे दरवर्षी नव्यानं तपासणं हे संस्थेच्या निष्ठेवर सोडायचं काम नाही. त्याला पगारी माणूस लागतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला असा: मलेरिया शास्त्रज्ञांनी नाही, विकासानं घालवला. इटलीतल्या दलदली कोरड्या झाल्या, अमेरिकेच्या दक्षिणेत घरांना जाळ्या लागल्या, माणसं शिकली, पोटभर जेवू लागली, आणि मलेरिया गेला. मग प्रयोगशाळांऐवजी रस्ते आणि पक्की घरं बांधा. यात तथ्य आहे. पण अचलपूरचा डास या युक्तिवादाला नेमका छेद देतो, कारण तो विकासाबरोबर वाढतो. मुंबईत १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटलीनं शहरातल्या मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा बोट विहिरींकडं होतं. विहिरी बुजवायला निघाले तर पारशी आणि हिंदू दोन्ही समाजांतून धर्माच्या नावानं विरोध झाला आणि काही विहिरींना बंदिस्त झाकणं लावून तडजोड करावी लागली. भिका बेहरामची विहीर चर्चगेटजवळ अजून आहे. मग नळ आले, गच्चीवर टाक्या आल्या आणि डास विहिरीतून गच्चीवर गेला. टाकीला डास शिरणार नाही असं झाकण आणि तपासनिसाला वर चढता येईल अशी शिडी, हा मुंबई महापालिकेचा जुना आग्रह त्यातूनच आला. आणि तरी २०१० साली मुंबईत सत्तर हजारांहून जास्त रुग्ण आणि शंभराहून जास्त मृत्यू झाले. लिफ्टच्या खड्ड्यातलं, स्लॅबवर कोंडलेलं, तळघरातलं पाणी आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत झोपणारा मजूर, हा आपल्या विकासाचा नकाशा आहे. पणजीतही १९८० च्या दशकात बांधकामांबरोबर मलेरिया वाढला. तिथं मलेरिया संशोधन केंद्राच्या पथकानं टाक्यांमध्ये जिवाणूजन्य कीडनाशक आणि स्थानिक मासे सोडून पाहिले, आणि सरकारनं बांधकाम मजुरांना आरोग्यपत्रं सक्तीची केली. गोव्यात मलेरिया आटोक्यात आला तो अभ्यास आणि कायदा एकत्र आल्यामुळं. इमारती कमी झाल्या म्हणून खासच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त छळतो. २०२३ साली जगानं मलेरियावर खर्च केले सुमारे चार अब्ज डॉलर. गरज होती आठ अब्ज तीस कोटींची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, पुढं ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच गुंडाळली. त्या मदतीतून येणाऱ्या मच्छरदाण्या आणि गोळ्या ठिकठिकाणी अडकल्या. अशा वेळी आजच्या मुलाची मच्छरदाणी काढून उद्याच्या औषधाला पैसे द्यायचे? कुठल्याही आईला तोंडावर हे सांगता येणार नाही. पण मच्छरदाणी आणि संशोधन हे दोन वेगळे खिसे आहेत असं समजण्यात चूक आहे. मच्छरदाणीतल्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाला आफ्रिकेतले डास दाद देत नाहीत हे कुणीतरी मोजलं, म्हणून क्लोरफेनापिर घातलेल्या नव्या जाळ्या आल्या आणि २०२३ साली त्यांची शिफारस झाली. मोजलं नसतं तर निकामी जाळी वाटत राहिलो असतो आणि वाटलेल्या जाळ्यांचा आकडा मात्र दरवर्षी वाढलेला दिसला असता. तपासणीच्या पट्टीचंही तसंच. ती फॅल्सिपेरमचं एक विशिष्ट प्रथिन शोधते. एरिट्रियात २०१६ साली लक्षात आलं की ते प्रथिन बनवणारा जनुकच गमावलेले परजीवी तिथं माजले आहेत. रुग्ण तापानं फणफणलेला आणि पट्टी म्हणते, काही नाही. देशाला पट्टीच बदलावी लागली. आर्टेमिसिनिनचं औषध चीनच्या तू यूयू यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका जुन्या वैद्यकग्रंथातल्या ओळीवरून, पाला न उकळता काढलेल्या अर्कातून मिळवलं. आज जगभरचे उपचार त्यावर उभे आहेत, आणि आधी कंबोडियात, आता रवांडा, युगांडाकडं परजीवी त्यालाही सरावू लागला आहे. या रोगात स्थिर असं काही नाही. कालचं ज्ञान नासतं, दुधासारखं.

आणखी एक गोष्ट, जी शास्त्रज्ञांनाच सुनवायला हवी. दिल्लीत १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं अमेरिकी पैशातून डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र काढलं होतं. तिथं अभ्यासासाठी घेतलेल्या डासांत आपला स्टीफेन्सीही होता. १९७४ साली वर्तमानपत्रांतून संशय उठला: तिथल्याच एका दुसऱ्या, पीतज्वर पसरवू शकणाऱ्या डासावर अमेरिकेला भारतातच प्रयोग का करायचे आहेत, हे जैविक युद्धाचं बी तर नाही? प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं, सोनिपतला डास सोडण्याचा बेत ऐनवेळी रद्द झाला, १९७५ साली केंद्र बंद पडलं. आरोप बरेचसे ताणलेले होते असं मला वाटतं; पण ज्यांच्या गावात डास सोडायचे त्यांना विश्वासात घेण्याची तसदी अपुरी होती हेही वाटतं. पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, बुर्किना फासोच्या सरकारनं जनुकबदल केलेल्या डासांवरचा टार्गेट मलेरिया प्रकल्प थांबवला. ज्या देशानं नानोरोत लशीच्या चाचणीसाठी आपली मुलं दिली, तोच देश. संशयाचं राजकारण झालं हे उघड आहे. पण राजकारणाला पाय ठेवायला जागा मिळते ती परक्या पैशाच्या आणि परक्या शब्दांच्या फटीतून. लस टोचणारी नर्स गावाच्या ओळखीची असते. जनुकबदल केलेला डास कुणाच्याच ओळखीचा नसतो. ज्या देशात रोग आहे त्या देशाच्या पैशातून, तिथल्या विद्यापीठातल्या माणसांनी, तिथल्या भाषेत समजावून केलेलं संशोधन महाग आणि संथ असेल, पण एका फतव्यानं बंद पाडायला कठीण असेल. भारताला आज हे परवडतं. आफ्रिकेला लस विकणाऱ्या देशानं स्वतःच्या व्हायवॅक्सवरचं संशोधन दुसऱ्याच्या अनुदानाची वाट पाहत ठेवावं, याला काय म्हणावं?

आपल्या राज्याच्या आरोग्य खात्यात ‘कीटक समाहारक’ नावाचं एक पद आहे. नाव भारदस्त, काम लिस्टनचं. पहाटे आणि संध्याकाळी घरात, गोठ्यात जायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतीवरचे डास काचेच्या नळीनं ओढून घ्यायचे, मोजायचे, ओळखायचे, वहीत लिहायचे. सरळसेवा भरतीच्या याद्यांत हे पद कुठंतरी तळाशी, वाहनचालक आणि भांडारपाल यांच्या आसपास असतं. २०२७ साली महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यानं शून्य रुग्णांचा अहवाल दिला, तर मी त्या जिल्ह्याच्या हिवताप अधिकाऱ्याला एवढंच विचारीन: तुमच्याकडं कीटक समाहारकाची पदं किती मंजूर आहेत, त्यातली भरलेली किती, आणि गेल्या महिन्यात त्यांनी कोणत्या गावात किती डास पकडले ती वही दाखवता का?